ए-लेव्हलला तीन विषय पुरे, की चौथा घ्यायचाच?

सांगलीकरीण

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. गुरुवारी चिरंजीवांचा जीसीएसईचा (इथली दहावी म्हणा, ९ म्हणजे सगळ्यात वरचा ग्रेड) निकाल लागला. गणित ९, फिजिक्स आणि केमिस्ट्री ८, बायॉलॉजी ७, इंग्रजीत ६ आणि ७. आम्ही खूश, तो खूश, पेढे वाटून झाले. आता सिक्स्थ फॉर्मच्या (अकरावी-बारावीसारखी ए-लेव्हलची दोन वर्षं) विषयांचा फॉर्म मंगळवारपर्यंत पक्का करून द्यायचाय आणि घरात चार दिवस त्यावरून शीतयुद्ध चालू आहे.

शाळा म्हणते तीन विषय हेच नेहमीचं, चार घ्यायचे तर चौथा शक्यतो फर्दर मॅथ्स (गणिताचाच पुढचा, पण वेगळा विषय), आणि गणितात किमान ८ हवेत. ते आहेत. त्याला इंजिनिअर व्हायचंय. मेकॅनिकल की सिव्हिल ते माहीत नाही, "काहीतरी बनवायचं" एवढं नक्की आहे. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री हे तीन ठरलेत. चौथा फर्दर मॅथ्स घ्यायचा की नाही, यावर गाडी अडलीय.

नवऱ्याचं म्हणणं, चार घे, नंतर सोडता येतो. मुलाचं म्हणणं, "आई, तीन बास. सगळे तीनच घेतात." मधल्या मध्ये मी. आणि तासगावला माझे सासरे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की इथे दोन वर्षं तीनच विषय असतात, तर आधी त्यांना वाटलं आवाज तुटतोय. मग म्हणाले, "तीन? आणि उरलेल्या वेळात काय करतो?" त्यावर आमचं रत्न मागून ओरडलं, "फ्री पिरियड्स, आबा!" झालं कल्याण.

शाळेनं नमुन्याचं वेळापत्रक दिलंय, ते फ्रिजवर लावलंय. दोन आठवड्यांचे ५० तास, एका विषयाला ९. तीन विषयांचे २७ होतात, चौथा घेतला की ३६. मोकळे चौकोन मी पिवळ्या पेननं रंगवले. तीन विषयांत अर्धा कागद पिवळा होतो आणि ते बघून माझ्याच पोटात गोळा येतो. मी स्वतः सांगलीत पीसीएमबी केलेली बाई, मला मोकळा तास म्हणजे पाप वाटतं.

तर प्रश्न असा: चार विषय असले की विद्यापीठाच्या अर्जात खरंच वजन पडतं का? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा. मंगळवारच्या आत.

---

खडूस_खारीक

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलो. स्पष्ट बोलतो, राग नसावा. इथे पोरांना लाडावून ठेवलंय. आपल्याकडे बारावीला सहा विषय, वर क्लास, वर जेईई. तीन विषयांत कसली आलीय दमछाक? चार घ्या. झेपलं तर पाच घ्या.

---

फळ्यासमोर

ताई, मी इथल्याच एका सिक्स्थ फॉर्ममध्ये गणित शिकवतो. हा प्रश्न दर ऑगस्टला निदान वीस पालक विचारतात, आणि त्यातले अर्धे देशी असतात. (मीही त्यातलाच. माझ्या मुलीच्या वेळी मलाही पिवळे चौकोन सहन झाले नव्हते.)

आधी मूळ प्रश्न. विद्यापीठाची ऑफर, म्हणजे प्रवेशासाठीची ग्रेड्सची अट, तीन अक्षरांत येते. केंब्रिजचं इंजिनिअरिंग घ्या, सगळ्यात वरचं टोक म्हणून: नेहमीची ऑफर ए-स्टार, ए-स्टार, ए. अक्षरं तीनच. चौथा विषय असणाऱ्याला वेगळी रांग नाही.

गोंधळ होतो तो यूकासच्या (विद्यापीठांचे अर्ज घेणारी संस्था) गुणांमुळे. ए-स्टारचे ५६, एचे ४८, बीचे ४०, सीचे ३२. आता चार बी मिळवणाऱ्याचे होतात १६० आणि तीन ए मिळवणाऱ्याचे १४४. कागदावर चार बीवाला पुढे. पण तीन ए मागणाऱ्या कोर्सच्या दारात तो उभा राहिला तर त्याचे १६० कुणी बघत नाही, त्याच्याकडे एकही ए नाही एवढंच दिसतं. गुणांची बेरीज धरणारे कोर्स आहेत, नाही असं नाही, पण तुमचा मुलगा जिथे अर्ज करेल तिथे बहुतेक ठिकाणी अक्षरंच लागतील.

एका ए-लेव्हलसाठी ३६० तासांचं शिकवणं धरलेलं असतं, दोन वर्षांचं मिळून. त्याच्या जवळपास तेवढाच अभ्यास मुलानं स्वतः करायचा असतो. म्हणजे ते पिवळे चौकोन रिकामे नाहीत, तिथे लायब्ररीत बसून फिजिक्सची गणितं सोडवायची असतात. सोडवतात का, हा वेगळा विषय आहे.

आता फर्दर मॅथ्स. हा चौथा विषय इतर चौथ्या विषयांसारखा नाही, म्हणून शाळा त्याला वेगळा काढते. त्यातला निम्मा भाग सगळ्या बोर्डांत सारखा: कॉम्प्लेक्स नंबर्स, मॅट्रिसेस, डिफरन्शियल इक्वेशन्स वगैरे. उरलेल्या निम्म्यात मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिक्स असे पर्याय. शुद्ध गणिताच्या पदवीला केंब्रिज आणि इंपिरियल तो मागतातच. इंजिनिअरिंगला बहुतेक ठिकाणी सक्तीचा नाही, पण पहिल्या वर्षाच्या गणितात जे येतं त्यातलं बरंच इथे होऊन गेलेलं असतं, त्यामुळे ज्यानं केलाय तो पहिले काही महिने निवांत असतो. शिवाय दोन्ही गणितं एकमेकांना उचलून धरतात. फर्दर करणाऱ्या मुलाचं साधं गणित आपोआप पक्कं होतं. इकॉनॉमिक्स किंवा बायॉलॉजी चौथा घेतला तर तसं होत नाही, तो सरळ वरचा बोजा.

शाळेला एक विचारून घ्या: फर्दर कसा शिकवतात? काही ठिकाणी पहिल्या वर्षात अख्खं साधं गणित उरकतात आणि दुसऱ्या वर्षी फर्दर. काही ठिकाणी दोन्ही शेजारी शेजारी चालतात. पहिल्या पद्धतीत मध्येच सोडणं अवघड, कारण वर्ग वेगळाच धावत असतो. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या वर्षाच्या शेवटी एएस (ए-लेव्हलहून छोटी, वेगळी परीक्षा) देऊन थांबता येतं. एएसला ए पडला तर २० गुण, आणि हात रिकामे राहत नाहीत.

आणि एक, थोडं आगाऊपणे विचारतो. केमिस्ट्री कशासाठी? मेकॅनिकल, सिव्हिलला खरे विषय दोनच, गणित आणि फिजिक्स. केमिकल इंजिनिअरिंगचा विचार असेल तर केमिस्ट्री बहुतेक ठिकाणी हवीच. तुमच्या धाग्यात "ठरलेत" असं लिहिलंय, पण कुणी ठरवलं ते लिहिलं नाही.

फॉर्मवर चार लिहा. पहिल्या सत्रात, ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत, बघा की कोणत्या विषयाचा गृहपाठ तो सगळ्यात शेवटी दप्तरातून काढतो. मार्क बघू नका, ते सुरुवातीला सगळ्यांचेच पडतात. फक्त हा क्रम बघा.

---

बिनपगारी_ड्रायव्हर

फळ्यासमोर यांना +१. आमचा अनुभव सांगतो, उलट्या बाजूनं.

लेकीला मेडिसिन करायचं होतं. इथे केमिस्ट्री आणि बायॉलॉजी असलं की बहुतेक ठिकाणी भागतं, तिसरा आवडीचा. पण माझ्या डोक्यात किडा: इथे नाहीच मिळालं तर भारतात एमबीबीएस. आणि नीटला बसायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही हवेत. तिला गणित आवडतं, ते ती सोडेना. म्हणून चार. बापाची विमा पॉलिसी म्हणा.

पहिल्या वर्षी फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली. फिजिक्समध्ये डी. त्याचं एवढं वाटलं नाही, पण फिजिक्स सावरता सावरता केमिस्ट्री एवरून बीवर आली. मार्चमध्ये फिजिक्स सोडलं. तोवर उशीर झाला होता. कारण शाळा अर्जासाठी जे प्रेडिक्टेड ग्रेड्स (अंतिम निकालाचा अंदाज) देते ते त्या पहिल्या वर्षाच्या कामगिरीवर ठरतात, आणि मेडिसिनचा अर्ज १५ ऑक्टोबरला बंद होतो. म्हणजे दुसरं वर्ष सुरू होऊन सहा आठवडे होतात न होतात तोच. त्याआधी उन्हाळ्यात यूकॅट, म्हणजे मेडिसिनची प्रवेशपरीक्षा. शाळेनं लिहिलं ए, ए, बी. आम्ही शिक्षकांना भेटलो, काही उपयोग झाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं.

मेडिसिनच्या चारच जागा भरता येतात, पाचवी दुसऱ्या कोर्सची. चारही ठिकाणी मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. त्या संध्याकाळी ती गाडीत माझ्या शेजारी बसली होती, रडली नाही, फक्त रेडिओ बंद केला. मी लेस्टरपर्यंत एक शब्द बोललो नाही.

शेवट बरा झाला. अंतिम निकालात तीन ए आले, तिनं एक वर्ष थांबून हातातल्या ग्रेड्सवर पुन्हा अर्ज केला आणि आता दुसऱ्या वर्षाला आहे. पण ते एक वर्ष माझ्या पॉलिसीचा हप्ता होता आणि तो तिनं भरला. नीटचा फॉर्म आम्ही कधी उघडलासुद्धा नाही.

ताई, तुमच्या मुलाच्या अर्जाला जानेवारीपर्यंत वेळ आहे, त्यामुळे इतकी घाई नाही. पण केंब्रिज-ऑक्सफर्डचा विचार असेल तर तारीख हीच, १५ ऑक्टोबर.

---

हॅरोचा_हरी

एक छोटी गोष्ट. तुम्हाला ओळखीतले तिशीतले लोक "आम्ही तर चार घेतले होते" असं सांगतील. खोटं नाही सांगत. मी २००८ साली सुरुवात केली तेव्हा सगळेच चार एएस घ्यायचे, वर्षाअखेर परीक्षा द्यायचे, आणि एक सोडून तीन पुढे न्यायचे. अंतिम ए-लेव्हलचे निम्मे मार्क एएसचे असायचे. म्हणजे चौथा विषय पद्धतीतच होता, आणि सोडला तरी एएसचं प्रमाणपत्र हातात राहायचं.

२०१५ पासून इंग्लंडमध्ये ते बदललं. २०१७ ला नव्या पद्धतीचे पहिले निकाल लागले. आता सगळी परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदम, एएस वेगळा काढला, आणि बऱ्याच शाळांनी तो बंदच केला. त्यामुळे आमच्या पिढीचा सल्ला या बाबतीत शिळा आहे. माझ्या मोठ्या भावाचाही, जो तुम्हाला लग्नात भेटला तर तासभर हेच सांगेल.

---

सांगलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रायव्हरदादा, रेडिओचं वाचून गलबललं.

@खडूस_खारीक, राग नाही हो. पण तुमचा प्रतिसाद वाचून रात्री परीक्षा मंडळांच्या साइटवर जाऊन बसले आणि हिशेबच मांडला. माझ्या भाचीनं सांगलीत बारावी दिली: सहा विषय, सहा लेखी पेपर, तीन-तीन तासांचे. एकूण १८ तास. इथे आमच्या शाळेत सायन्स एक्यूएचं आणि गणित एडएक्सेलचं. गणिताचे तीन पेपर, फिजिक्सचे तीन, केमिस्ट्रीचे तीन, प्रत्येकी दोन तास. नऊ पेपर, एकूण १८ तास! तीन विषयांत. वर फर्दर मॅथ्सचे चार पेपर, दीड-दीड तासाचे, म्हणजे १३ पेपर आणि २४ तास. आणि सगळं दोन वर्षांच्या अभ्यासक्रमावर, एकाच मे-जूनमध्ये.

हे आबांना सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं (ते सगळं लिहून घेतात), चष्मा वर केला आणि म्हणाले, "मग याला तीन विषय का म्हणतात?"

@फळ्यासमोर, केमिस्ट्री कुणी ठरवली? तुमचं वाचून मी चहा ठेवता ठेवता थांबलेच. मी ठरवली. त्यानं ठरवली असं मला इतके दिवस वाटत होतं. पीसीएम हा एकच शब्द आहे ना आपल्या तोंडात, त्यातलं सी वेगळं निघू शकतं हे डोक्यात कधी आलंच नाही.

---

तिसऱ्या_बाकावरची

मावशी, मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी घरी बोलते, लिहिताना चुका होतील.

मी चार केले. मॅथ्स, फर्दर, फिजिक्स आणि हिस्टरी. सगळ्यांनी वेड्यात काढलं. विद्यापीठाला हिस्टरीचं काही पडलेलं नव्हतं, माझ्या ऑफरमध्ये मॅथ्स आणि फिजिक्सचं नाव होतं, हिस्टरीचं नाही. पण दिवसभर इक्वेशन्स केल्यावर त्या वर्गात कुणीतरी मला मत विचारायचं. दुसऱ्या वर्षी २० टक्के मार्कांचा कोर्सवर्क निबंध होता, तो लिहिताना मी रात्री दोनपर्यंत जागले आणि मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. बी आला. मला चालला.

ज्याला असं काहीच नाही त्यानं चौथा विषय घेऊ नये असं मला वाटतं. माझ्या वर्गात तिघांनी "सोडता येतो" म्हणून चार घेतले आणि कुणीच वेळेत सोडला नाही, कारण सोडलं की हरल्यासारखं वाटतं. तारीख आधीच ठरवा.

आणि काहीतरी जास्तीचं दाखवायचंच असेल तर ईपीक्यू (शाळेतून करायचा स्वतंत्र प्रोजेक्ट) विचारा. अर्ध्या ए-लेव्हलएवढा असतो, स्वतःच्या आवडीचा विषय घेऊन साधारण ५००० शब्दांचा अहवाल, किंवा एखादी वस्तू बनवून त्यावर छोटा अहवाल. ए-स्टारला २८ गुण. काही विद्यापीठं तो असेल तर ऑफर एका ग्रेडनं खाली आणतात. "काहीतरी बनवायचं" म्हणतोय तर त्याला हे आवडेल. त्याला विचारा पण. धाग्यात त्याचं वाक्य एकच आहे.

---

खडूस_खारीक

१८ तासांचा हिशेब मान्य. माझी मुलगी आता नववीत आहे, त्यामुळे धागा जपून ठेवतो. पाच घ्या हे शब्द मागे घेतो. चार मात्र घेत नाही मागे.

---

सांगलीकरीण

नोव्हेंबर उजाडला. मध्ये दोघांनी व्यनि (खासगी निरोप) करून काय झालं विचारलं, म्हणून धागा वर आणतेय.

फॉर्मवर चार लिहिले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं ऐकून तारीखही लिहिली, ऑक्टोबरच्या सुट्टीचा पहिला शनिवार, फ्रिजवरच्या वेळापत्रकावर लाल पेननं. त्या दिवशी एक विषय सोडायचा किंवा चारही ठेवायचे, पण "बघू" म्हणायचं नाही, असा करार झाला. त्यानं सहीसुद्धा केली, एकदम वकिली थाटात.

मग मी गृहपाठाचा क्रम बघत बसले. पहिल्या आठवड्यापासून सगळ्यात आधी बाहेर येणारी वही फर्दरची. जेवणाच्या टेबलावर ताटं मांडायला जागा नसायची, वजा एकचं वर्गमूळ म्हणजे काय हे तो बापाला मीठ-मिरपुडीच्या डब्या सरकवून समजावत होता. केमिस्ट्रीची वही रविवारी रात्री नऊला, आणि तीही "प्रिंटर चालू आहे का?" या प्रश्नासोबत. सहा आठवड्यांत हा क्रम एकदाही बदलला नाही. मार्क मात्र केमिस्ट्रीतच जास्त होते! मार्कांवर गेले असते तर मी फर्दरच सोडायला लावलं असतं.

शनिवारी सकाळी मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "केमिस्ट्री सोडतोय. तुला वाईट वाटेल का?" मी नाही म्हटलं. थोडं वाटलं. शाळेनं एक कागद भरून घेतला, केमिकल इंजिनिअरिंगचा रस्ता बंद होतोय हे समजलंय ना म्हणून विचारलं, आणि दहा मिनिटांत काम झालं. ईपीक्यूची चौकशी चालू आहे, गॅरेजमध्ये एक जुनी सायकल उलटी टांगलीय, त्याचं काय होणार ते अजून मला कळलेलं नाही.

आबांना फोन केला. तीनच विषय, पण पेपर नऊचे दहा झाले, हे मीच आधी सांगून टाकलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण गणित आणि पुन्हा गणित? हे म्हणजे भाताबरोबर भात." आता दर रविवारी फोनवर तेच वाक्य असतं. नातू मागून "खिचडी, आबा!" म्हणून ओरडतो.

केमिस्ट्रीचं पहिल्या वर्षाचं एक्यूएचं पुस्तक जवळपास कोरं आहे, फक्त पहिल्या पानावर नाव घातलंय. रेडिंग किंवा आसपास कुणाला हवं असेल तर व्यनि करा, पैसे नकोत.